अदृश्याचे माप

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की राज्यशास्त्राच्या वर्गात संयुक्त राष्ट्रसंघाची सनद, सुरक्षा परिषदेतील नकाराधिकार आणि अलिप्त राष्ट्रांच्या परिषदा यांचीच चर्चा होते. युद्ध टाळण्यासाठी, व्यापार वाढविण्यासाठी किंवा भूकंपग्रस्तांना मदत धाडण्यासाठी राष्ट्रे एकत्र येतात, हे आपणा सर्वांना ठाऊक असते. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कणाची जाडी कशी मोजावी, तो पाण्यात कसा आणि किती वेळ ढवळावा, उंदराच्या फुफ्फुसात गेल्यावर तो तिथे किती दिवस मुक्काम करतो हे कसे पाहावे, एवढ्यासाठी अनेक देशांचे प्रतिनिधी वर्षानुवर्षे एका टेबलाभोवती बसत आले आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. प्रयोगशाळेशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही हा विषय मला आमच्याच अभ्यासक्रमातला वाटतो. कारण प्रश्न विज्ञानाचा असला तरी तो सुटतो आहे तो माणसांच्या एकमताने.

हा कण म्हणजे मानवनिर्मित अब्जांश पदार्थाचा, म्हणजेच बोलीभाषेत ज्याला 'नॅनो' म्हणतात त्याचा कण.

अब्जांश म्हणजे किती?

एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा एक केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. ज्या पदार्थाचे कण 1 ते 100 नॅनोमीटर या पट्ट्यात येतात, त्यांना ढोबळमानाने अब्जांश पदार्थ म्हणतात. 'नॅनो तंत्रज्ञान' हा शब्द 1974 साली जपानी शास्त्रज्ञ नोरिओ तानिगुची यांनी प्रथम वापरला. पण असे कण माणसाला नवीन नाहीत. तुपाच्या दिव्यावर वाटी उपडी धरून काजळ पाडणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या अतिसूक्ष्म कार्बनच गोळा करीत होत्या. चुलीच्या धुरात आणि एस.टी.च्या धुरातही असे कण असतात. फरक इतकाच की ते आपोआप होतात, आणि कारखान्यात ते विशिष्ट आकाराचे, विशिष्ट गुणांसाठी मुद्दाम घडविले जातात. प्रस्तुत लेखाचा विषय हे मुद्दाम घडविलेले कण हाच आहे.

ते घडवायचे कशासाठी? एक साधा हिशेब करून पाहू. एक सेंटिमीटर लांब, रुंद व उंच असा खडीसाखरेचा चौकोनी खडा घेतला, तर त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर भरते. आता तोच खडा कापून एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले अशी कल्पना करा. साखर तेवढीच, वजन तेवढेच. पण सगळ्या तुकड्यांच्या पृष्ठभागांची बेरीज होते सहा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर जमीन! रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात. साहजिकच चिमूटभर पदार्थ एकाएकी कमालीचा चपळ होतो. मायकेल फॅरडे यांनी 1857 साली लंडनमध्ये सोन्याचे इतके बारीक कण द्रवात तरंगत ठेवले की तो द्रव माणकासारखा लाल दिसू लागला. सोने तेच, पण रंग बदलला. एरवी कशाशीही सहजी संयोग न पावणारे हे सोने या आकारात इतर पदार्थांमधील रासायनिक क्रियांना गती देऊ लागते.

या गुणांचा उपयोग आज अनेक ठिकाणी होतो. चांदीचे कण जंतू मारतात म्हणून ते मोज्यांत आणि जखमेच्या पट्ट्यांत घालतात. 2009 साली बाजारात आलेल्या 'टाटा स्वच्छ' या पाणी शुद्ध करण्याच्या साधनात भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे अब्जांशकण वापरले होते. त्यामागच्या तुसाच्या राखेच्या गाळणीचे संशोधन पुण्यात झालेले. उन्हापासून त्वचेचे रक्षण करणाऱ्या मलमांत झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड असते. कार्बनच्या नळ्या प्लॅस्टिकला बळकटी देतात आणि बॅटरीत वीज वाहतात. 2021 पासून नॅनो युरिया हे द्रवरूप खत अर्ध्या लिटरच्या बाटल्यांतून आपल्या शेतकऱ्यांच्या हाती आले आहे.

शंका कशाची?

इथे सामान्य माणसाच्या मनात जो प्रश्न येतो, तोच शास्त्रज्ञांच्याही मनात आला. आकार बदलल्याने सोन्याचा रंग आणि स्वभाव बदलत असेल, तर पदार्थाचा विषारीपणाही बदलत नसेल कशावरून? मोठ्या कणांच्या रूपात जो पदार्थ निरुपद्रवी ठरला, त्याचे प्रमाणपत्र त्याच्या अब्जांश भावंडाला लागू करायचे काय?

या शंकेला एक इतिहास आहे आणि तो दुःखद आहे. ॲस्बेस्टॉसच्या धुळीतले तीक्ष्ण तंतू कामगारांना अपाय करतात, असे ब्रिटनमधील फॅक्टरी निरीक्षक ल्युसी डीन यांनी 1898 सालीच नोंदवून ठेवले होते. तिथे ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आली ती 1999 साली. मधली एकशे एक वर्षे म्हणजे कामगारांच्या चार पिढ्या. आपल्याला हे परके वाटू नये. मुंबईच्या गिरणगावात कापसाच्या धुळीने छाती भरून आलेल्या कामगारांनीही खोकल्याला 'आजार' हे नाव मिळण्याची वाट दीर्घकाळ पाहिलेली आहे. धूळ आधी छातीत जाते. तिचे नाव कागदावर फार उशिरा येते.

2008 साली ही शंका नुसती शंका राहिली नाही. एडिंबरो येथील शास्त्रज्ञांनी अनेक थरांच्या कार्बन नळ्या उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या, तेव्हा लांब व सरळ नळ्यांनी ॲस्बेस्टॉससारखीच सूज आणि गाठी निर्माण केल्या. आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नळ्यांनी तसे केले नाही. त्याच वर्षी जपानमधूनही अशा नळ्यांमुळे उंदरांमध्ये ॲस्बेस्टॉसमुळे होतो तशा प्रकारचा कर्करोग झाल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने अशा नळ्यांपैकी एका विशिष्ट प्रकारची, 'एम.डब्ल्यू.सी.एन.टी.-7' ची, गणना 'माणसाला कर्करोग होण्याची शक्यता' असलेल्या गटात केली. बाकीच्या नळ्यांबद्दल मात्र निर्णय देण्याइतका पुरावा नाही, असे तिने सांगितले.

या निकालाचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. 'कार्बन नळी वाईट' किंवा 'कार्बन नळी चांगली' असे एका वाक्यात सांगताच येत नाही. कोणती नळी? किती लांब? किती ताठ? एका नावाखाली शेकडो वस्तू आहेत, आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा असू शकतो.

शेर आणि पायली

आता खरी अडचण. समजा, एका देशातील प्रयोगशाळेने म्हटले की हा पदार्थ सुरक्षित आहे, आणि दुसरीने म्हटले की धोक्याचा आहे. कोणाचे खरे? कदाचित दोघींचेही! एकीने कण पाण्यात हाताने ढवळले असतील, दुसरीने ध्वनिलहरींनी फोडले असतील. हे कण एकटे राहात नाहीत. पाण्यात पडले की एकमेकांना चिकटून गोळे होतात. मग माशाच्या टाकीत अब्जांशकण होते की त्यांचे गोळे तळाशी बसले होते, हे कोण सांगणार? एकीने मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजली असेल, दुसरीने कणांच्या संख्येत. आणि दोघींनी 'टायटॅनियम डायऑक्साइड' म्हणून जी पूड वापरली ती एकाच कारखान्याची तरी होती काय?

दशमान पद्धत येण्यापूर्वी आपल्याकडे गावोगावचा शेर आणि पायली निराळी असे. एका बाजारातली पायलीभर ज्वारी दुसऱ्या बाजारात कमी भरली तर तो ज्वारीचा दोष नसे, मापाचा असे. भारताने 1956 साली वजनमापांचा कायदा करून तो गोंधळ मिटविला. त्याआधी, 1875 साली, पॅरिसला सतरा राष्ट्रांनी मीटरचा करार केला होता. अब्जांश पदार्थांच्या बाबतीत जगाची स्थिती एकविसाव्या शतकाच्या आरंभी नेमकी त्या जुन्या बाजारासारखी होती. माल भराभर येत होता आणि ज्याची त्याची पायली वेगळी होती.

पॅरिसचा कार्यगट

योगायोग असा की ही नवी पायली ठरविण्याचे कामही पॅरिसमधूनच चालते. 'आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना' ही 1961 साली स्थापन झालेली, ओ.ई.सी.डी. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी संस्था. तिचे आज 38 सदस्य देश आहेत. भारत सदस्य नाही, पण सहयोगी आहे. या संस्थेने 2006 साली मानवनिर्मित अब्जांश पदार्थांसाठी एक स्वतंत्र कार्यगट नेमला. त्यात सरकारी तज्ज्ञांबरोबर उद्योगांचे, कामगार संघटनांचे आणि पर्यावरण-संस्थांचेही प्रतिनिधी बसतात.

या कार्यगटाने 2007 च्या नोव्हेंबरमध्ये एक मोठी योजना हाती घेतली. बाजारात असलेले किंवा लवकरच येऊ घातलेले काही प्रातिनिधिक पदार्थ निवडायचे आणि देशांनी ते वाटून घ्यायचे. कार्बनच्या नळ्यांसाठी जपान आणि अमेरिका पुढे आले. टायटॅनियम डायऑक्साइडसाठी फ्रान्स आणि जर्मनी, तर चांदीसाठी कोरिया आणि अमेरिका. सोन्याचे पालकत्व दक्षिण आफ्रिकेने घेतले. हा देश तर संघटनेचा सदस्यही नाही. प्रत्येक पदार्थाची एकूण 59 बाबींवर पाहणी करायची असे ठरले: आकार, पाण्यातील विद्राव्यता, मातीत व माशांत काय होते, श्वासावाटे गेल्यास काय होते, आग लागण्याचा धोका किती, इत्यादी. पुढे यादीत बदल होऊन ती तेरा पदार्थांवर स्थिरावली, आणि 2015 साली माहितीचे संच जगापुढे ठेवले गेले.

या योजनेतील मला सर्वांत भावलेली गोष्ट अगदी साधी आहे. सर्वांनी एकाच पोत्यातले धान्य मोजायचे! त्यासाठी उत्तर इटलीतील इस्प्रा या गावी युरोपीय आयोगाच्या संशोधन-केंद्रात अब्जांश पदार्थांचे कोठार उभारण्यात आले. एकाच खेपेतला माल छोट्या छोट्या कुप्यांत भरून, क्रमांक घालून, तो देशोदेशीच्या प्रयोगशाळांना पाठवला जातो. चांदीच्या एका नमुन्याचा क्रमांक आहे 'एन.एम.-300 के'. त्यामुळे एका देशात आणि दुसऱ्या खंडात उत्तर निराळे आले, तर निदान 'तुमचा माल वेगळा होता' असे म्हणता येत नाही. भांडायचेच झाले तर पद्धतीवरून भांडता येते. आंतरराष्ट्रीय राजकारणात वादाचा मुद्दा इतका नेमका करून मिळणे, हीदेखील मोठीच कमाई आहे.

या सगळ्या खटाटोपातून निष्कर्ष काय निघाला? 2013 साली संघटनेच्या परिषदेने शिफारस केली की रसायनांच्या तपासणीची जुनी चौकट अब्जांश पदार्थांना सर्वसाधारणपणे लागू पडते; मात्र तिच्यात या पदार्थांच्या गुणांनुसार फेरफार करावे लागतील. वाचायला हे वाक्य कोरडे वाटते, पण त्यामुळे सगळे पाडून नव्याने बांधण्याची गरज उरली नाही. आहे त्या घराची दुरुस्ती करायची एवढेच ठरले. ती दुरुस्ती संथपणे चालू आहे. कण पाण्यात किती वेळ सुटे राहतात हे तपासण्याची मार्गदर्शिका 2017 साली आली. श्वासावाटे होणाऱ्या अपायाच्या जुन्या चाचण्या त्याच सुमारास सुधारल्या. आता प्रयोगानंतर फुफ्फुसांत किती कण उरले तेही पाहिले जाते. कणांचा आकार मोजण्याची मार्गदर्शिका 2022 साली निघाली. म्हणजे कार्यगट नेमल्यानंतर सोळा वर्षांनी! आकार हाच ज्या पदार्थाचा प्राण, त्याचा आकार मोजण्याच्या पद्धतीवर एकमत व्हायला सोळा वर्षे लागावीत यावरून या कामाची कठीणता ध्यानात यावी.

उशिराचे आणखी एक कारण आहे. नवा पदार्थ शोधला तर पेटंट मिळते, पैसा मिळतो. मोजण्याची पद्धत लिहून कोणाला काय मिळणार? ते काम सर्वांच्या गरजेचे आणि म्हणूनच कोणाच्याच खर्चाचे नसते. 2017 साली माल्टाकडे युरोपीय संघाचे अध्यक्षपद असताना काही देशांनी या रखडलेल्या कामाला पैसा व माणसे देण्याची मोहीम सुरू केली. तिला 'माल्टा उपक्रम' असेच नाव पडले.

व्याख्येची गंमतही सांगण्याजोगी आहे. एखाद्या पुडीत थोडे कण बारीक आणि थोडे मोठे असतील, तर तिला अब्जांश म्हणायचे का? युरोपीय आयोगाने 2011 साली सुचविले की निम्मे किंवा अधिक कण 1 ते 100 नॅनोमीटरमध्ये असतील तर म्हणायचे. आणि हे निम्मे वजनाने नव्हे, संख्येने मोजायचे. एका टोपलीत एक कलिंगड आणि मूठभर मोहरी ठेवली, तर वजनाने ती टोपली कलिंगडाची, पण संख्येने मोहरीची. फुफ्फुसाच्या दृष्टीने मोहरीच महत्त्वाची, म्हणून मोजणी संख्येने.

आपला संबंध

आता कोणी विचारील, हे श्रीमंत देशांचे उद्योग. आपला संबंध काय? संबंध दोन परींचा आहे.

पहिला कायद्याचा. ओ.ई.सी.डी.चा 1981 सालचा एक निर्णय आहे. ठरलेल्या मार्गदर्शिकेनुसार आणि ठरलेल्या प्रयोगशाळा-शिस्तीने एका देशात झालेली चाचणी दुसऱ्या देशाने मान्य केली पाहिजे, पुन्हा करायला लावता कामा नये. यामुळे खर्च वाचतो आणि विनाकारण मरणारे प्राणीही वाचतात. भारत 2011 च्या मार्चमध्ये या व्यवस्थेत पूर्णपणे सामील झाला. म्हणजे आपल्याकडील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल तिकडे स्वीकारावा लागतो, आणि तिकडचा आपल्याला. अर्थात ज्या पायलीने मोजलेले आपण स्वीकारणार, ती पायली ठरताना आपण हजर असणे हे आलेच.

दुसरा संबंध माणसांचा आहे. सेनेगलच्या डाकार येथे 2008 साली रासायनिक सुरक्षेच्या आंतरशासकीय परिषदेत एक निवेदन संमत झाले. अब्जांश पदार्थ स्वीकारायचे की नाकारायचे, हे ठरविण्याचा देशांचा अधिकार त्यात मान्य केला गेला. पण अधिकार वापरायला माहिती लागते, आणि माहिती मिळवायला प्रयोगशाळा. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली कामगारांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचा सूर असा की पुरावा अपुरा असला तरी सावधगिरी थांबता कामा नये. पूड हाताळणाऱ्याच्या श्वासात ती जाणार नाही अशी व्यवस्था आधी करा, आणि काय हाताळतो आहोत हे त्याला समजावून सांगा. भारतातही 2019 साली अब्जांश औषधांसाठी आणि 2020 साली शेतीत व अन्नात वापरायच्या अब्जांश उत्पादनांसाठी मूल्यमापनाच्या मार्गदर्शिका निघाल्या. पाठीवर पंप बांधून उभ्या पिकावर फवारणी करणाऱ्या माणसाला या कागदांचा पत्ता नसतो. बाटली हाती घेताना ती तपासलेली असेल, हा विश्वास मात्र तो नकळत बाळगतो. तो विश्वास खरा ठरावा, एवढ्यासाठी हा सारा प्रपंच आहे.

एकमताची मर्यादा

सहकार्य झाले म्हणजे सर्व देश एकाच निर्णयाला येतील असे मात्र नाही. अन्नपदार्थ पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घालण्यात येणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये काही कण अब्जांश आकाराचे असतात. युरोपच्या अन्नसुरक्षा-प्राधिकरणाने 2021 साली म्हटले की त्यापासून आनुवंशिक द्रव्याला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही. आणि 2022 साली युरोपीय संघाने अन्नात तो वापरण्यास बंदी केली. त्याच वर्षी कॅनडाने आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संयुक्त अन्न-संस्थेने उपलब्ध पुरावा तपासला आणि बंदीचे कारण दिसत नाही असे म्हटले. 2023 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनेही कमाल मात्रेची मर्यादा घालण्याची गरज मानली नाही.

याला सहकार्याचे अपयश म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. 'अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही' आणि 'अपाय होत नाही असे सिद्ध झालेले नाही' ही दोन वाक्ये दिसायला सारखी, पण त्यांतून निघणारी धोरणे उलट दिशांना जातात. कोणते वाक्य धरून चालायचे, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. किती धोका पत्करायचा, कोणासाठी पत्करायचा आणि कोणी पत्करायचा, हा समाजाचा प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्य फक्त एवढे करू शकते की तराजू सर्वांचा एक ठेवते. पारड्यात काय टाकायचे ते प्रत्येक समाजानेच ठरवायचे असते.

म्हणूनच हा विषय केवळ विज्ञान शाखेवर सोपवून कला शाखेने स्वस्थ बसावे, हे मला पटत नाही. मोजमाप शास्त्रज्ञांनी करावे. पण ते कोणासाठी होते आहे, त्याचे निकाल उघड्यावर येतात की कपाटात राहतात, कामगाराला आणि शेतकऱ्याला ते त्याच्या भाषेत कळतात की नाही, हे प्रश्न विचारणे नागरिकांचे काम आहे. ते विचारण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. ॲस्बेस्टॉसच्या वेळी ल्युसी डीन यांची नोंद अहवालात होती. ती उचलून धरणारा समाज नव्हता. या वेळी कणांची तपासणी निदान माल सर्वत्र पसरण्याच्या बरोबरीने तरी चालू आहे. माप तयार होत आहे. ते वापरले जाईल की नाही, हे आता इस्प्राच्या कोठारात किंवा पॅरिसच्या कार्यगटात ठरणार नाही. ते गावोगावच्या कारखान्यांत, खताच्या दुकानांत आणि विधिमंडळांत ठरणार आहे.